काचेतल्या बाईचे हात

१

सुतार गेला तेव्हा त्याच्या उशाखाली कपाटाचं माप लिहिलेला कागद सापडला. उंची, रुंदी, खण किती, कडी कुठल्या बाजूला. खाली आदल्या दिवशीची तारीख.

आपण चाललो हे ज्याला ठाऊक असतं, तो कपाटाची मापं काढत बसत नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तू बरा होणार आहेस.

कुणी सांगितलं, एवढाच प्रश्न घेऊन सुताराची बायको तपासनीस बाईंच्या टेबलासमोर येऊन बसली. नवराबायको दोघंही जन्मापासून बहिरे. तिनं घरून चार पानं लिहून आणली होती. ती पुढे सरकवून ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जणू वाचणाऱ्याच्या कपाळावर उत्तर उमटणार होतं.

सुतार ज्या रुग्णालयात होता, तिथे सहा महिन्यांपासून दुभाष्याच्या जागी एक उभा पडदा आला होता. डॉक्टर बोलले की पडद्यावरची राखाडी कपड्यांतली बाई ते बोलणं खुणांच्या भाषेत करून दाखवी. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं. बहिऱ्या माणसांत मात्र ती नुसती ‘काचेतली बाई’.

डॉक्टर सुताराला जे म्हणाले ते रुग्णालयाच्या कागदांत शब्दन् शब्द होतं : ‘आता उपचारांचा उपयोग होणार नाही. जवळच्या माणसांना बोलावून घ्या.’

आणि काचेतल्या बाईनं जे दाखवलं ते सुताराच्या बायकोनं तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘थोडे दिवस काढा. बरं वाटेल. मग घरी जाऊ. कुंड्या वाट बघतायत.’

त्यानंतर सुतार अकरा दिवस जगला. लांबच्या गावी असलेल्या धाकट्या भावाला त्यानं बोलावलंच नाही. कशाला बोलवायचं, बरा झालो की मीच जाईन म्हणाला.

शेवटच्या ओळीशी बाई थबकल्या. तिथे लिहिलं होतं : ‘आमच्या घरी एकही कुंडी नाही.’

२

तपासनीस बाई ज्या कचेरीत काम करत, ती अशा यंत्रांविरुद्धच्या तक्रारी बघायला नव्यानंच उघडली होती आणि तिचे नियम अजून मसुद्यातच होते. बाईंना कुणाला पकडण्याचा अधिकार नव्हता, फक्त विचारण्याचा होता. पण त्यांचा अहवाल मानला जाई. येत्या पहिल्या तारखेला असेच पडदे चाळीस रुग्णालयांत उभे राहायचे होते. मध्ये नऊ दिवस.

“नऊ कशाला हवेत? नऊ मिनिटांचं काम आहे,” रुग्णालयाचे दप्तरप्रमुख म्हणाले. त्यांच्या टेबलावर एक कागद, एक पेन, बाकी काच लखलखीत. “ज्याचं काम या यंत्रानं घेतलं, त्यानंच हा उद्योग केलाय. आमचा जुना दुभाषी. त्याला सगळ्या खोल्यांत मोकळीक होती. यंत्राची बदनामी झाली की ह्याला पुन्हा बोलावतील. तुम्ही अहवालात तेवढं लिहा, मग त्याचा परवाना जाईल आणि पुढचं कोर्ट बघेल.”

दुभाषी दाराशीच उभा होता. गोल अंगाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, पण आज हसू नुसतं सवयीनं ओठांवर राहिलेलं.

“साहेब, मला मेलं फोनवर गजर लावता येत नाही. बायको लावून देते,” तो म्हणाला. “मी यंत्राला खोटं शिकवलं म्हणता, हा माझा मोठाच सन्मान झाला.”

कंपनीचा इंजिनिअर पडद्याजवळ थांबला होता. उंच, किडकिडीत, नखं कुरतडलेली. त्यानं यंत्राला डॉक्टरांचं तेच वाक्य पुन्हा दिलं.

काचेतली बाई क्षणभर थांबली. उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिनं डाव्या मनगटावर हलकेच टकटक केलं आणि मग हात उचलले. बाईंना खुणांची भाषा येत नव्हती, तरी त्या पडद्याजवळ सरकल्या. इतक्या मायेनं कुणी कधी काही सांगताना त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्या हालचालीत उजवी अनामिका मात्र जराशी वाकलेली, आत मुडपलेली राहत होती. सांगून झालं, आणि दहा बोटं सरळ करून, इस्त्रीच्या रुमालासारखे दोन्ही हात पुढ्यात सपाट धरून ती उभी राहिली.

“तेच,” दुभाषी पुटपुटला. “कुंड्या वाट बघतायत.”

“मनगटावर ते काय केलं?” बाईंनी विचारलं.

“कचरा आहे तो,” इंजिनिअर म्हणाला. “काढून पाहिला. पण वाईट बातमी आली की परत येतो.”

“हे हात तुम्ही काढलेत?”

“छे. एक बोटही आमच्या मनाचं नाही. उभं कसं राहायचं तेसुद्धा खऱ्या हातांवरून घेतलंय. खुणा खूप ठिकाणांहून आल्या, पण आजाराविषयीचं बोलणं आणि ही सगळी ढब बावन्न व्हिडिओंतून. चेहरे कापलेले, नुसते हात. रुग्णालयाकडूनच आले.”

“कुणाचे हात?”

इंजिनिअरनं दप्तरप्रमुखांकडे पाहिलं.

“यादी होती,” दप्तरप्रमुख शांतपणे म्हणाले. “गेल्या आठवड्यात बघितली तर जागेवर नाही. कुणी नेली असेल ते तुम्हीच ओळखा. आणि खरं सांगू का बाई, चेहरा गेला की माणूस गेला. हाताला काही नाव नसतं.”

दुभाष्यानं आपले हात पाठीमागे नेले.

३

वर्तमानपत्रात बातमी आली. कुंड्यांची ओळ बाईंनी बाहेर जाऊ दिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी दुपारी पस्तिशीची एक बाई कचेरीत आली. दोन रस्ते सोडून तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. कानांनी ती धड होती. आईवडील बहिरे.

“ताई, ते माझ्या माईचे हात आहेत,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “आबांच्या रक्ताचा कागद घ्यायला गेले होते. दारातल्या पडद्यावर ती बाई तपासणीची खिडकी दाखवत होती. ते वाकडं बोट! माई सतरा वर्षांची असताना शिवणयंत्राची सुई त्या बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून ते मुडपलेलंच. अशा बोटानं बोलणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.”

“माई आता…”

“वर्ष झालं. त्याच रुग्णालयात गेली.” तिनं डाव्या हातातल्या घड्याळाच्या पट्ट्यावर दोन बोटांनी टकटक केलं. “तिचा कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला. नाहीतर शक्यच नाही. माई कॅमेऱ्यासमोर कधी बोललीच नाही.”

“कधीच?”

“लहानपणी शाळेत खुणा केल्या की हात मागे बांधायचे. तोंडानं बोला म्हणायचे. मोठे लोक यायचे आणि हात बांधलेली मुलं कसे आवाज काढतात त्याचं चित्रीकरण करून न्यायचे. माई त्यात होती. तेव्हापासून कॅमेरा दिसला की हात शालीखाली. लग्नाच्या फोटोतसुद्धा.” ती थांबली. “दुभाषीकाका तिच्याकडेच शिकले. तेच घरात यायचे-जायचे. आता म्हणतात मी नाही त्यातला.”

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. “आबांना काय वाटतं?”

“ते रोज तिथे जाऊन बसतात, ताई. त्या पडद्यासमोरच्या बाकावर. बटण दाबतात आणि बघत राहतात. माईला भेटायला जातात.” ती टेबलावर पुढे वाकली. “माझ्या बापाचं मन असं काचेत अडकवून ठेवायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? तो पडदा बंद करा.”

“हे आबांनी तुला सांगितलं?”

“विचारलं नाही. आम्ही फोनवर लिहून बोलतो. ‘जेवलात का’, ‘गोळी घेतली का’, एवढंच.”

“एका घरात राहून?”

चष्मेवाली खिडकीबाहेर बघू लागली. “माई गेल्यापासून माझे हात उचलत नाहीत, ताई. का ते विचारू नका.”

ती गेल्यावर बाईंनी दुभाष्याला फोन लावला.

“पहिल्याच दिवशी ओळखलं मी ते बोट,” तो म्हणाला. “पण सांगू कुणाला? माईंचा शिष्य मी, त्या खोल्यांत हिंडणारा मी. माझाच गळा धरला असता. बघा ना, न सांगताही धरला.”

“तुम्ही माईंकडे शिकलात तेव्हा वय काय होतं?”

“बावीस. का हो?”

४

तपासनीस बाईंचा वीस वर्षांचा नेम होता. सकाळी नऊपर्यंत मौन. कचेरीत लवकर येऊन त्या कागद लावत, खिडकी पुसत, पण तोंडातून शब्द काढत नसत. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. नेम मोडायला निमित्तं पुष्कळ येतात आणि त्यातलं प्रत्येक निमित्त खरंच वाटतं, असं त्यांनी स्वतःला पूर्वीच बजावून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी साडेआठला दार उघडलं आणि एक वृद्ध गृहस्थ आत आले. सदऱ्याच्या खिशात एकसारख्या कापलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेल्या माणसाशिवाय कागद इतका काटकोनात कुणी कापत नाही. बाईंनी ओळखलं. हे आबा.

एक बोलू न शकणारा, दुसरी न बोलणारी. दोघं समोरासमोर बसली.

आबांनी लिहिलं : ‘दुभाषी तसा नाही. त्याला सोडा.’

बाईंनी खाली लिहिलं : ‘मग माईंचे हात यंत्राला कुणी दिले?’

आबा चिठ्ठीकडे बघत राहिले. बोलता येत असतं तर बाईंनी एव्हाना तीन प्रश्न विचारून त्यांना कोपऱ्यात घेतलं असतं. आज त्या नुसत्या बघत बसल्या. म्हाताऱ्याच्या नखांत ओली माती होती. पेन दोनदा कागदाला लागलं, दोनदा उचललं गेलं. काहीतरी सांगावं आणि काहीतरी झाकावं, अशी झटापट त्या बोटांत चालली होती.

शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली, चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली आणि उठून गेले.

बाईंनी ती सुलटी केली.

‘माईचं बोट सुई लागल्यापासून कधी सरळ झालं नाही. झोपेतसुद्धा नाही.’

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. बाई पिशवी उचलून तशाच मुक्यानं रस्त्यावर आल्या. रुग्णालयाच्या दारातल्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अजून गर्दी नव्हती, कुणी बटण दाबलं नव्हतं. काचेतली बाई रिकामी उभी होती. दोन्ही हात पुढ्यात सपाट.

बाईंनी बोटं मोजली. दहाच्या दहा सरळ. अनामिकासुद्धा, पट्टीनं आखल्यासारखी.

म्हणजे बोलताना वाकणारं ते बोट धडधाकट होतं.

हे हात माईंचे नव्हते.

५

धडधाकट बोट बोलताना कोण वाकवील?

जो नक्कल करत असेल तो. पण नक्कल करणारा एखाद्या वेळी विसरतो, आणि हे बोट कधीच विसरत नव्हतं. मग ज्याला आपण ते वाकवतो हेच ठाऊक नाही, तो. मोठेपणी शिकलेल्या माणसाला कळतं की माईंचं बोट दुखरं आहे, ते भाषेत धरायचं नाही. दुभाष्याची अनामिका बोलताना सरळ राहते, हे बाईंनी पुन्हा बोलावून पाहिलं होतं. पाळण्यातून वर बघत जो बोलायला शिकला, त्याला दुखणं कुठे संपतं आणि भाषा कुठे सुरू होते हे कसं कळावं?

असं माणूस एकच होतं. आता पुरावा हवा होता.

“त्या बावन्न व्हिडिओंवर नाव नसेल, पण तारीख तर असेल?” बाईंनी इंजिनिअरला गाठलं.

तो आधी घुटमळला, मग त्यानं संगणक त्यांच्याकडे वळवला. तारीख होती, आणि प्रत्येक तारखेपुढे आकडा सात.

“खोली नंबर सात असावी,” तो म्हणाला. “आवाजही आहेत. डॉक्टरांचे. ते काय म्हणाले आणि हातांनी काय केलं, अशा जोड्या लावून यंत्र शिकतं.”

“शेवटच्या तारखेचा व्हिडिओ इतका लांब कसा?”

“तो विचित्र आहे. डॉक्टरांचं वाक्य संपतं आणि चार मिनिटं काहीच नाही. हात मनगटावर टकटक करत राहतात. मग सांगतात.” त्यानं नख तोंडात घातलं. “तेच सांगणं सगळ्यांत वर आलं.”

“वर म्हणजे?”

“आम्ही माणसांकडून गुण देववतो. एकाच गोष्टीसाठी चार तऱ्हेच्या खुणा असल्या की कुठली चांगली, ते ती माणसं ठरवतात. या हातांना सगळ्यांनी पैकीच्या पैकी दिले. इतकी माया, म्हणे, कुठल्याच हातांत नाही.”

“गुण देणाऱ्यांना खुणांची भाषा येते?”

“भाव कळतो ना,” इंजिनिअर म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते ऐकून त्याचा चेहरा उतरला.

बाई सात नंबरच्या खोलीत गेल्या. दप्तरप्रमुख मागोमाग आलेच.

“या खोलीत कॅमेरा कधीच नव्हता,” त्यांनी न विचारताच सांगितलं.

छताजवळच्या कोपऱ्यात भिंतीचा एक चौकोन बाकीच्या रंगाहून उजळ होता. त्यात चार भोकं, ताज्या पुट्टीनं बुजवलेली.

“इथे काय होतं?”

“घड्याळ.”

बाईंनी रुग्णाच्या खुर्चीत बसून वर पाहिलं. “छताच्या कोपऱ्यात, चार स्क्रूंचं घड्याळ? साहेब, वेळ बघता बघता आजाऱ्याची मान मोडली असती.”

६

चष्म्याच्या दुकानामागे डोळे तपासायची छोटी खोली होती. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोरच्या भिंतीवर आरसा. त्याआधी बाई चष्मेवालीच्या घरावरून आल्या होत्या. खिडकीत सात कुंड्या, हिरव्यागार.

“माईंच्या तपासण्यांच्या तारखा आहेत तुझ्याकडे?”

चष्मेवालीनं फाइल काढली. बाईंनी शेजारी आपला कागद ठेवला. बावन्न तारखा, एकही चुकली नाही.

“म्हणजे माईचाच व्हिडिओ!”

“सात नंबरच्या खोलीत डॉक्टरांचं बोलणं माईंना खुणांनी कोण सांगायचं?”

“मीच. दुभाषीकाका म्हणायचे मी येतो, पण माई म्हणायची मुलगी आहे ना.” ती थांबली. “का?”

“आरशाकडे बघ, बाळ, आणि मला खुणेनं सांग, ‘थांबा’.”

“नाही, ताई.”

“एकदाच.”

चष्मेवालीनं हात उचलला. आरशात ती खूण उमटली. चार बोटं ताठ, अनामिका आत मुडपलेली. तिनं ती सरळ केली. पुन्हा खूण केली. पुन्हा बोट वाकलं.

रोज वीस लोकांना या आरशासमोर बसवणारी ती बाई, स्वतःचे हात पहिल्यांदा बघत होती.

“माझं बोट तर चांगलं आहे,” ती लहान मुलीसारखी म्हणाली. “मग हे असं का करतंय?”

“तू बोलायलाच तशी शिकलीस.”

ती खाली बसली. दोन बोटं घड्याळाच्या पट्ट्याकडे गेली आणि मध्येच थिजली. तेही तिला आता दिसलं होतं.

मग बाईंनी कुंड्यांची ओळ सांगितली. सुतार, कपाटाचं माप, न आलेला भाऊ, सगळं सांगितलं. हळू आवाजात, पण काही गाळलं नाही.

“डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या,” चष्मेवाली म्हणाली. “माई माझ्या हातांकडे बघत होती. मला नाही जमलं, ताई. मी म्हटलं बरं वाटेल, घरी जाऊ. कुंड्यांना मी रोज पाणी घालते, त्या वाट बघतायत. तिनं मान डोलावली. नऊ दिवसांनी ती गेली. मावशी, मामा कुणी भेटलं नाही. आबांनाही मी तेच सांगितलं होतं. त्यानंतर या हातांनी काय बोलू? कुठल्या तोंडानं?”

“हे उद्या रुग्णालयातल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं लागेल. नाहीतर दुभाष्याचा परवाना जाईल, आणि पहिल्या तारखेला हेच वाक्य चाळीस ठिकाणी दाखवलं जाईल.”

“आबा तिथे असणार.”

“हो.”

“त्यांना कळेल मी त्यांनाही फसवलं.”

बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

७

बैठक रुग्णालयाच्या लांब टेबलावर भरली. दप्तरप्रमुख, इंजिनिअर, सुताराची बायको, दुभाषी. भिंतीलगतच्या खुर्चीत आबा. चष्मेवालीची जागा रिकामी.

“आता तरी लिहून टाका,” दप्तरप्रमुख म्हणाले.

“लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “यंत्रात कुणी बाहेरून खोटं घातलं नाही. सात नंबरच्या खोलीत आत्ताआत्तापर्यंत कॅमेरा होता. आजाऱ्याला भरती करताना सही घेतात त्या कागदात, अकराव्या पानावर, ‘सेवा सुधारण्यासाठी’ असे दोन शब्द आहेत. त्यांच्या आडोशानं ते व्हिडिओ कंपनीला गेले. सुताराच्या बायकोच्या तक्रारीनंतर कॅमेरा उतरवला, भोकं बुजवली आणि यादी नाहीशी झाली. यादी दुभाष्यानं नेली म्हणता. पण कॅमेरा काढून भोकं बुजवायला त्याला कोण देईल? आणि बावन्न व्हिडिओंतले हात त्याचे नव्हतेच, तर तो यादी लपवील कशाला?”

“मसुदा वाचा, बाई. परवानगीशिवाय माणसाचं काय काय घ्यायचं नाही, त्याची यादी आहे. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, डोळ्यांची बाहुली. हात कुठेय त्यात?”

“नाहीयेत. म्हणून तर ही बैठक.”

“कुणाचे हात, ते तरी दाखवा!”

दार उघडलं. चष्मेवाली आत आली, पण टेबलाशी बसली नाही. सुताराच्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली. घड्याळ तिनं घरीच काढून ठेवलं होतं. तिनं हात उचलले आणि तोंडानंही तेच बोलत गेली, म्हणजे सगळ्यांना कळावं.

“ते हात माझे आहेत. ते वाक्य माझं आहे. मी माझ्या आईशी खोटं बोलले, एकदाच. तुमच्या नवऱ्याला सांगण्यासाठी नव्हतं ते. मला क्षमा करा.”

काचेतल्या बाईची ती वाकलेली अनामिका सगळ्यांसमोर जिवंत होती. इंजिनिअरनं मान खाली घातली.

सुताराच्या बायकोनं खुणेनं उत्तर दिलं. दुभाषी ते सांगू लागला.

“ती म्हणतेय… अकरा दिवस तो आनंदात होता. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावू शकत नाही. पण ते अकरा दिवस माझे होते गं. मला कळलं असतं तर मी त्याला निरोप दिला असता. तू तुझ्या आईसाठी रडलीस तरी. या काचेला काय?”

तिनं पर्समधून कपाटाच्या मापाचा कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी करून ठेवला.

त्या दिवशी इंजिनिअरनं स्वतः पडद्याचं बटण बंद केलं. चाळीस रुग्णालयांचं काम थांबलं. दप्तरप्रमुखांची चौकशी सुरू झाली. बाईंच्या अहवालात शेवटी दोन वाक्यं होती : मसुद्यातल्या यादीत हात घालावेत. आणि जी भाषा स्वतःला येत नाही तिला कुणी गुण देऊ नयेत.

बैठक उठली तेव्हा आबा खुर्चीतच होते. चष्मेवाली त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. बाई दाराशी थांबल्या. दुभाषी त्यांच्या कानाशी हळूच सांगत राहिला.

“मी तुम्हालाही फसवलं, आबा.”

आबांचे म्हातारे हात सावकाश उठले. “माईला ठाऊक होतं. डॉक्टरचं तोंड तिनं वाचलं होतं. तू चार मिनिटं घड्याळ बडवत होतीस. संध्याकाळी मी तिच्या खाटेशी बसलो तेव्हा मला म्हणाली, पोरीला सांगवत नाहीये. आपल्याला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस. आम्ही दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. तू औषधं आणायला खाली गेली होतीस.”

चष्मेवालीनं पुन्हा हात उचलले. “मग तुम्ही त्या पडद्यासमोर… माईला बघायला…”

“माईला कशाला? तिचं बोट मला ओळखता येत नाही होय? तुला बघायला जात होतो. वर्षभर घरात कुणी हात उचलला नाही माझ्याशी.”

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे हवे होते.

“आबा, एक राहिलं. कुंड्यांना मी पाणी घालतच नव्हते. तेसुद्धा खोटंच होतं.”

“ठाऊक आहे,” आबा म्हणाले. “मी घालत होतो.”